पोस्टडॉकसाठी रिसेप्टर कुठला धरू? गर्दीतला जीएलपी-१, की कुणी न विचारलेला?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. इथे धागे असतात ते रस्ते, शाळा आणि कुंदा यांवर, त्यामुळे हा विषय कुठे टाकावा कळेना. 'शिक्षण-नोकरी'त टाकतेय, चुकीच्या जागी वाटला तर संपादकांनी हलवावा.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, बीएस्सी बेळगावात, पीएचडी बेंगळुरूत. ती आता संपली. काम पेशीच्या आवरणात बसलेल्या प्रथिनांच्या रचनेवर. पुढे मधुमेह-लठ्ठपणाच्या औषधांकडे वळायचंय, आणि समोर पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, दोन जागा आहेत.

एक कोपनहेगनला. मोठी लॅब, विषय जीएलपी-१ रिसेप्टर. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं ज्याच्यावर काम करतात तोच. त्याला गोळीतून देता येईल असा छोटा रेणू कुठे आणि कसा बसतो, हे बघायचं. पैसा, यंत्रं, नाव, सगळं आहे. पण याच रिसेप्टरच्या मागे निम्मं जग लागलंय.

दुसरी बेंगळुरूलाच. लहान लॅब, आणि रिसेप्टर 'अनाथ', म्हणजे त्याला कुठला संप्रेरक चिकटतो हेच ठरलेलं नाही. चरबीच्या पेशींत सापडतो, चयापचयाशी संबंध असावा असा संशय आहे, एवढंच.

आईला पंधरा-वीस वर्षं साखर आहे. बाबांचं म्हणणं, "अजून किती शिकणार?" तुमचं म्हणणं सांगा. यातलं कुणी नसलात तरी चालेल.

कुंदासम्राट
साखरेवरचं औषध काढणार म्हणजे आमच्या पोटावर पाय! माझं मत अनाथाला. अनाथाचं कुणीतरी बघायला नको का?

निपाणीकर
विषय डोक्यावरून गेला, पण बाबांचा प्रश्न कळला. आमच्याकडेही तोच विचारतात. ताई, आधी हा रिसेप्टर म्हणजे काय ते आम्हा तंबाखूवाल्यांना कळेल असं सांगा, मग मत देतो.

मलप्रभाकाठ
@निपाणीकर, सांगते की.

रक्तातून संप्रेरकं येतात, पण त्यातल्या पुष्कळांना पेशीच्या आत प्रवेश नसतो. पेशीच्या आवरणात एक प्रथिन आरपार बसलेलं असतं. त्याची साखळी आवरणातून सात वेळा आतबाहेर जाते. बाहेरच्या टोकाला संप्रेरक चिकटलं की आतलं टोक थोडं सरकतं, तिथे जी-प्रथिन येऊन लागतं आणि पेशी कामाला लागते. या घराण्याला जीपीसीआर म्हणतात. माणसात असे आठशेच्या आसपास रिसेप्टर आहेत. बाजारातल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश याच घराण्यावर चालतात. रक्तदाबाची बीटा-ब्लॉकर, सर्दीची सेट्रिझिन, सगळी यातलीच. इन्सुलिनचा रिसेप्टर मात्र वेगळ्या घराण्यातला, हे मुद्दाम सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो.

जीएलपी-१ जेवणानंतर आतड्यातून सुटतं. साखर वाढलेली असेल तर इन्सुलिन सोडायला लावतं, आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. पण रक्तात ते दोनेक मिनिटांत तुटतं. म्हणून त्याची टिकाऊ रूपं बनवली. पहिलं औषध २००५ चं, एक्झेनाटाइड. ते अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूवरून आलं. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा टोचलं तरी पुरतं.

आरपीडी_कट्टा
अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि दोन्हीकडच्यांचा निरोप पोचवायचा. म्हणजे हा रिसेप्टर आमच्यासारखा सीमावासीच की गा!

निपाणीकर
@आरपीडी_कट्टा 😂 फरक एवढाच, त्याने निरोप दिला की आतले लोक ऐकतात.

डॉ_शहापूर
गंमत चालू द्या, मी थोडं वेगळं लिहितो. तीसेक वर्षं शहापुरात प्रॅक्टिस आहे.

टिर्झेपटाइड हे याच प्रकारचं नवं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपये आणि पाच मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक. महिन्याचं गणित तुम्हीच करा. माझे निम्मे पेशंट विडी वळणाऱ्या बायका, हातमागावरचे म्हातारे, वडगाव-अनगोळचे शेतकरी. त्यांच्यासाठी अजून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या जुन्या गोळ्याच.

आता दुसरा मुद्दा, तो जास्त महत्त्वाचा. माझे पेशंट दिसायला जाडे नाहीत. हातपाय काटक्या, पोट तेवढं पुढे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर आयुष्य घातलंय. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिनांचा शेजारी उभा असलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली बाळंसुद्धा जन्मतः वजनाने कमी आणि चरबीने जास्त, हे त्यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात दिसलं.

म्हणून विचारतो, ताई. कोपनहेगनच्या लॅबमधला रेणू कुणाच्या शरीरासाठी? शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाचं वजन वीस टक्के उतरवणं वेगळं, आणि ५२ किलोच्या साखर असलेल्या बाईला ते देणं वेगळं. तिचा आधीच कमी असलेला स्नायू आणखी गेला तर?

मलप्रभाकाठ
@डॉ_शहापूर, प्रश्न अगदी रास्त आहे. आई ५० किलोची आहे. तिला हे औषध तिच्या डॉक्टरांनी म्हणूनच दिलं नाही.

लेले_कॅम्प
माझं वजन ९४ आहे, मला कुणी देईना. (खिशाकडे बघून.)

चिकोडीचा_क्रायोवाला
ह्या धाग्यावर लिहायलाच पाहिजे, कारण मी ह्याच कामात आहे. लॅबचं नाव विचारू नका.

ताई पीएचडी करून आलीय म्हणजे तिला माहीत आहेच, बाकीच्यांसाठी लिहितो. 'रचना काढणे' ऐकायला बरं वाटतं. आधी रिसेप्टर कीटकांच्या पेशींत वाढवायचा. मग डिटर्जंट घालून आवरणातून सोडवायचा. आवरणाबाहेर आला की तो विस्कटायला टपलेलाच असतो, म्हणून सगळं थंडीत आणि घाईत. मग तीन मिलिमीटरची धातूची जाळी चिमट्यात धरायची, तिच्यावर तीनेक मायक्रोलिटरचा थेंब, दोन्ही अंगांनी टिपकागद, काही सेकंद, आणि जाळी खटकन द्रवरूप इथेनमध्ये. पाणी इतक्या झटक्यात गोठतं की त्याला स्फटिक व्हायला सवड मिळत नाही, काचेसारखं राहतं. पुढची सगळी हाताळणी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. पावसाळ्यात हवा दमट असली की पंचाईत. तोंडाला मास्क बांधून वाकायचं, नाहीतर श्वासाची वाफ नायट्रोजनमध्ये जाऊन बर्फाचे कण होतात आणि जाळीवर बसतात. मायक्रोस्कोपखाली बघितलं की सगळीकडे काळे गोटे, मधे कुठेतरी आपलं प्रथिन. ती जाळी गेली. लाखो कणांच्या अंधुक प्रतिमा जमवून, त्यांची सरासरी काढून कॉम्प्युटर आकार बांधतो, आणि शेवटी आपल्याच जी. एन. रामचंद्रनांच्या १९६३ च्या आलेखावर तो तपासायचा. आजही जगातली प्रत्येक रचना त्या आलेखातून जाते, हे कॉलर ताठ करून सांगण्यासारखं आहे.

ह्या तंत्राला, म्हणजे क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला (क्रायो-ईएम), २०१७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जी-प्रथिनासकट जीएलपी-१ रिसेप्टरची क्रायो-ईएम रचना आली. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्कांनी याच घराण्यातल्या बीटा-२ रिसेप्टरचा जीन १९८० च्या दशकात हाती घेतला आणि रचना छापली २००७ मध्ये. आता नीट नमुना असेल तर काही महिन्यांत होतं.

आणि म्हणूनच माझं मत कोपनहेगनच्या विरुद्ध. जीएलपी-१ रिसेप्टरच्या रचनांचा ढीग पडलाय. तिथे तू सतरावा रेणू बसवून सतरावी रचना काढशील, पेपर येईल, आणि मुलाखतीत विचारतील, 'यात तुमचं काय?' अनाथ रिसेप्टरचं पहिलं चित्र काढलंस तर ते तुझं.

गोवा_फार्मा
@चिकोडीचा_क्रायोवाला, साफ असहमत. मूळ बेळगावचा, आता गोव्यात औषध कंपनीत, मेडिसिनल केमिस्ट.

अनाथ रिसेप्टरवर दोन-तीन वर्षं घालवून हाती काही न लागण्याची शक्यता किती आहे हे तिला कोण सांगणार? शंभराच्या आसपास अनाथ आहेत, आणि ते उगाच अनाथ राहिलेले नाहीत. संप्रेरकच माहीत नाही तर रिसेप्टर सक्रिय अवस्थेत धरायचा कशाने? नमुना डळमळतो, रचना अर्धवट येते. पहिल्या पोस्टडॉकला हा जुगार नको.

आणि 'सतरावी रचना' म्हणून हिणवू नका. सेमाग्लुटाइडसारखं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, टोचावं लागतं, वाहतुकीत थंड ठेवावं लागतं, बनवायला महाग. सेमाग्लुटाइडची गोळी २०१९ पासून आहे, पण त्यातलं एक टक्काही रक्तात पोचत नाही. सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या ग्लासाच्या आत पाण्याबरोबर, वर अर्धा तास काही खायचं नाही. ऑर्फोरग्लिप्रॉनसारखा खरा लहान रेणू असला की साध्या गोळीच्या कारखान्यात निघू शकतो. तो रेणू पेप्टाइडच्या जागेत नेमका कुठे टेकतो हे रचनेनेच दाखवलं. डॉक्टरसाहेबांच्या विडी वळणाऱ्या बाईपर्यंत काही पोचलंच तर ते या वाटेने पोचेल.

चिकोडीचा_क्रायोवाला
@गोवा_फार्मा, डॅनुग्लिप्रॉनपण लहान रेणूच होता ना? रचना होती, कंपनी मोठी होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये एका रुग्णाच्या यकृताला त्यामुळे इजा झाली असावी म्हणून थांबवला.

गोवा_फार्मा
होता. पण रचनेने यकृताची हमी कुणी दिली होती?

चिकोडीचा_क्रायोवाला
मग तेच तर म्हणतोय! जीपीआर४० आठवतो का? स्वादुपिंडात बसलेला, स्निग्धाम्लांना ओळखणारा रिसेप्टर. त्यावरचं फॅसिग्लिफॅम तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं, साखर उतरवत होतं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये यकृताच्या त्रासामुळे बंद पडलं. त्याच औषधाला पोटात घेऊन बसलेल्या जीपीआर४० ची सुंदर रचना 'नेचर'मध्ये कधी आली? २०१४ मध्ये. चित्र आलं तेव्हा औषध गेलेलं.

हिंडलगा_रिटर्न
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

खानापूरची_सून
एवढं मोठं चाललंय त्यात माझं आपलं गावठी. आमच्याकडे कणकुंबीच्या बाजूला रानात बेडकीचा पाला मिळतो. सासूबाई साखरेवर चावून खातात. मी एकदा गंमत म्हणून दोन पानं चावली आणि वर कुंदा खाल्ला. देवाशप्पथ, तोंडात रवाळ माती! गोडाचा पत्ता नाही. चहापण नुसता कडू पाणी. अर्ध्या-पाऊण तासाने जीभ ताळ्यावर आली. यातही तुमचा तो रिसेप्टर आहे का काय?

मलप्रभाकाठ
@खानापूरची_सून वहिनी, आहे! आणि तोही याच घराण्यातला. बेडकी म्हणजे गुडमार. त्यातलं जिम्नेमिक आम्ल जिभेवरच्या गोड चवीच्या रिसेप्टरला जाऊन बसतं आणि साखरेचा निरोप अडवतं. माणसाच्या गोड रिसेप्टरची रचना अगदी अलीकडे, २०२५ मध्ये आली, तीसुद्धा क्रायो-ईएमनेच.

पण सासूबाईंना सांगा, जीभ फसली म्हणून रक्तातली साखर उतरेलच असं नाही. चालू गोळ्या पाल्यासाठी बंद करायच्या नाहीत.

कुंदासम्राट
आमचा कुंदा आणि रवाळ माती?? ह्या प्रतिसादावर संपादकांनी कारवाई करावी.

डॉ_शहापूर
मलप्रभाकाठ यांना अनुमोदन, गोळ्या बंद नकोत. मात्र पाल्याला हसू नका. मेटफॉर्मिनचं मूळ गोट्स रू नावाच्या युरोपातल्या वनस्पतीत आहे. इंग्लंडमध्ये ते १९५८ पासून वापरात आहे. जगातली साखरेची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी कुणी रिसेप्टरचं चित्र बघून काढली नाही. ती शरीरात नेमकी कुठे काम करते यावर आजही एकमत नाही. आपल्याकडे रानात एवढं पडलंय आणि बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे. ताईने तिकडेही बघावं.

आरपीडी_कट्टा
डॉक्टर, म्हणजे आता तिसरी जागा? तिच्याकडे दोनच होत्या, आपण वाढवूलोय.

पगारदार_अनगोळ
कुणी पैशाचं बोलेना म्हणून मी बोलतो. २०२३ च्या सुधारित दरानं भारतात रिसर्च असोसिएटला, म्हणजे पोस्टडॉकला, सुरुवातीला महिना ५८,००० आणि वर घरभाडं. बेंगळुरूत एकटीचं भागेल, गावी पाठवायला फार उरणार नाही. डेन्मार्कात पोस्टडॉक ही रीतसर नोकरी धरतात, पगार, सुट्ट्या, सगळं, पण कर आणि घरभाडं दोन्ही जबर. फेलोशिपचे पैसे लॅबला उशिरा येतात आणि चार-चार महिने हात पसरावे लागतात, हे माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत झालंय. जिथे जाल तिथे आधीच्या मुलांना गाठून हे विचारा, प्राध्यापकांना नाही.

निपाणीकर
+१. आणि बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी घर. आईला साखर आहे, ह्याचा विचार कर बाई.

यळ्ळूरची_शिल्पा
@निपाणीकर काका, मुलगा असता तर हे लिहिलं असतं का?

निपाणीकर
माझ्या मुलालाही हेच म्हटलं होतं. तो दुबईला गेला.

तिनईघाट
वरची चर्चा दोन दिवसांनी वाचतोय. मी अमेरिकेत याच क्षेत्रात पोस्टडॉक संपवून आता कंपनीत आहे. क्रायोवाला आणि गोवा_फार्मा दोघंही रचनेवरून भांडताहेत आणि दोघंही एक गोष्ट वगळताहेत.

जीआयपी रिसेप्टर बघा. जीआयपी हे आतड्यातून सुटणारं दुसरं संप्रेरक. टिर्झेपटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपीचा रिसेप्टरही चालू करतं आणि वजन उतरतं. मॅरिटाइड नावाचं दुसरं औषध अजून चाचण्यांत आहे. ते जीएलपी-१ चालू करतं, पण जीआयपी रिसेप्टर बंद करतं. वजन तरीही उतरतं! एकाच रिसेप्टरला एकाने चालू केलं, दुसऱ्याने बंद केलं, आणि काटा दोन्हीकडे खाली. दोन्ही रिसेप्टरांच्या रचना उपलब्ध आहेत. तरी हे कोडं रचनेतून सुटलेलं नाही. रिसेप्टर सतत चालू ठेवला की पेशी त्याला आत ओढून घेते आणि शेवटी तो बंद केल्यासारखाच होतो, असं एक म्हणणं आहे. मेंदूतल्या वेगवेगळ्या जागांवर बोट ठेवणारं दुसरं आहे.

शिवाय रिसेप्टर म्हणजे चालू-बंदचं बटण नाहीच. जी-प्रथिनाकडे एक वाट, पेशीतल्या अरेस्टिन नावाच्या प्रथिनाकडे दुसरी. टिर्झेपटाइड जीएलपी-१ रिसेप्टरवर पहिल्या वाटेकडे झुकतं. आपल्याकडे आयआयटी कानपूरला अरुण शुक्लांच्या गटाने अरेस्टिनवर जे काम केलंय ते जगात वाचलं जातं, त्यासाठी परदेशच लागतो असं नाही.

म्हणून माझं मत: गर्दीचा की अनाथ, यावर ठरवू नकोस. ज्या लॅबमध्ये रचनेच्या शेजारी जिवंत पेशींवरचा प्रयोग करायला मिळेल, तिथे जा. रेणू बसला, मग पेशीने काय केलं, आत किती रिसेप्टर ओढले, किती वेळ निरोप चालला, हे ज्याला स्वतःच्या हाताने मोजता येतं त्याला नोकरीही मिळते आणि प्रश्नही. नुसतं चित्र काढणाऱ्याचं काम पुढे अवघड आहे. २०२४ चं रसायनाचं अर्धं नोबेल प्रथिनांच्या घडीचं भाकीत करणाऱ्यांना गेलंय, लक्षात घे.

आरपीडी_कट्टा
जीआयपी चालू करायचा की बंद, हा वाद सुप्रीम कोर्टातल्या आपल्या २००४ च्या सीमावादाच्या दाव्याआधी निकालात निघेल यावर माझी पैज. मांडे लावतो.

गोवा_फार्मा
@तिनईघाट, पटलं, बहुतांशी. फक्त भाकिताबद्दल: आल्फाफोल्ड हा भाकीत करणारा प्रोग्रॅम रिसेप्टरची एक मुद्रा छान सांगतो, पण माझा रेणू घातल्यावर कप्प्यातली साखळी कुठे वळेल हे केमिस्टला लागतं, आणि तिथे अजून प्रत्यक्ष नकाशाच बघावा लागतो. चित्रकारांना एवढ्यात निवृत्त करू नका.

चिकोडीचा_क्रायोवाला
धन्यवाद, पेन्शन अजून लांब आहे. @मलप्रभाकाठ, एक काम कर. दोन्हीकडे विचार: मायक्रोस्कोपवर महिन्याला किती वेळ मिळेल, कुणाच्या आधी? बेंगळुरूला राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे, यंत्र उत्तम आहे, पण रांग असते. कोपनहेगनला यंत्र जवळ असेल, पण त्या लॅबमधल्या आठ जणांत तुझा नंबर कितवा हे बघ.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. काल दोन्हीकडे मेल टाकले.

कोपनहेगनचं उत्तर लगेच आलं. पेशींवरचे प्रयोग त्यांच्याकडे दुसरा गट करतो, मला फक्त रचना. प्रकल्प सोडताना बरोबर नेता येणार नाही, कंपनीशी करार आहे. एवढं स्वच्छ सांगितलं, हे बरं.

बेंगळुरूच्या मॅडमनी फोनच केला. तासभर बोलल्या. अनाथ रिसेप्टर त्यांनाही अजून नीट स्थिर धरता आलेला नाही, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. पण पेशींवरचं सगळं माझ्याच हातात राहील, आणि सोबत जीआयपी रिसेप्टरचा एक लहान प्रकल्प चालेल म्हणाल्या, म्हणजे एक बुडाला तरी दुसरा हाताशी. जीआयपीचं मीच सुचवलं, @तिनईघाट यांच्या जिवावर. @डॉ_शहापूर, मी त्यांना हेही विचारलं की चरबीच्या पेशी कुठून घेता. उंदराच्या, म्हणाल्या. आपल्याकडच्या बारीक अंगाच्या रुग्णांच्या चरबीत हा रिसेप्टर किती असतो हे कुणी बघितलंय का, तर त्यांच्या माहितीत नाही.

बेंगळुरूकडे कल आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

डॉ_शहापूर
चरबीचे नमुने हर्निया किंवा पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या संमतीने घेता येतात. नीतिसमितीची मंजुरी लागते, त्याला वेळ लागतो, म्हणून रुजू व्हायच्या आधीच कागद हलवा. इथल्या दोन सर्जनांशी मी बोलू शकतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

यळ्ळूरची_शिल्पा
बाबांना सांगताना 'शिकायला' म्हणू नकोस, 'नोकरीला' म्हण. पगार आहे की नाही?

खानापूरची_सून
आणि सासूबाई विचारूलैत, पाला पाहिजे असेल तर लॅबला किती किलो लागेल?